फुटक्या कपबशांचं देऊळ

आमच्या गावच्या ग्रुपवर महिनाभर एकच भांडण चाललंय. ग्रामदेवतेच्या शिखराचा रंग दर पावसाळ्यात उतरतो, म्हणून देवस्थान कमिटीने त्यावर चायना मोझॅक करायचं ठरवलंय. पुण्यात स्थायिक झालेली मंडळी खवळलीत. देवाच्या डोक्यावर फुटक्या कपबशा चिकटवणार का? ही काय आपली परंपरा आहे?

कपबशांना नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मी सिंगापूरला असतो. माझ्या ऑफिसजवळ, रॅफल्स प्लेसच्या टॉवरांच्या बेचक्यात, वाक हाय चेंग बिओ आहे. चीनच्या चाओझोऊ भागातून आलेल्या तेओच्यू लोकांचं देऊळ. चिकन राइसची रांग लांबली की मी तिकडे वळतो. छपरावर ड्रॅगन, मनोरे आणि नाटकातले घोडेस्वार सेनापती, सगळे फोडलेल्या वाडग्यांचे. आत तारेचा सांगाडा, वर चुन्याचा गिलावा, आणि तो ओला असतानाच त्यात रोवलेले, पकडीने कापलेले तुकडे. ड्रॅगनचा एकेक खवला वेगळा कापायचा. कचऱ्यातल्या कपबशांचं काम नव्हे हे. पातळ, भडक रंगांची वाडगी खास यासाठी भाजून घेतात. झिलईचा रंग खाऱ्या वाऱ्याला आणि पावसाला दाद देत नाही. कोकणातला पाऊस काय निराळा आहे?

या देवळाच्या जीर्णोद्धाराला 2014 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, हे मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "तुम्ही तिकडेच बरे आहात, भाऊ."

मग मी तैवानातल्या तैपेईचं बाओआन मंदिर काढलं. 1917 च्या जीर्णोद्धारात तिथे दोन कारागीर-गटांना अर्धं अर्धं देऊळ वाटून दिलं होतं. चुरस अशी की दोन्ही बाजूंचं काम आजही लोक ताडून बघतात. आमच्याकडे दोन वाड्यांची चुरस कोर्टात जाते.

दोन गोष्टी मात्र मी ग्रुपवर लिहिल्या नाहीत. वाक हाय चेंग बिओसाठी कारागीर चीनहून आणावे लागले. आणि तैवानात पुढे बऱ्याच देवळांवर साच्यातल्या तयार मूर्ती आल्या, कारण तुकडे कापत बसायला माणूसही महाग आणि वेळही. त्या लिहिल्या असत्या तर माझाच मुद्दा लंगडा झाला असता. पण खरा प्रश्न तोच आहे. कमिटीने गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार गाठलाय, चौरस फुटाच्या दराने. पुणेकर मालावर भांडतात, कमिटी दरावर. शिखरावर हात कुणाचा चालणार, हे कुणीच विचारत नाही. चौरस फुटाच्या दराने ड्रॅगन सोडा, धड एक कमळ होत नाही.

तुम्हाला एवढं काय पडलंय, असं पुतण्याने विचारलं. वर्गणीच्या बोर्डावर माझ्या नावापुढे कंसात 'सिंगापूर' असतं. पुण्याच्या लोकांपुढे 'पुणे' लिहीत नाहीत, ते गावचेच. इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, एचडीबीचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचं घर झालं, पण तो कंस पहिल्यांदा पाहिला तेव्हा जेवण गेलं नाही. परंपरेवरचं पुणेकरांचं ज्ञान मला एरवीही सोसत नाही. त्या कंसामुळे जरा जास्तच, एवढंच.

वर्गणी याही वेळी पाठवली, कारागीर नीट बघून नेमा अशा अटीवर. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. अटीबद्दल अक्षर नाही.