वॉशिंग्टनच्या काळात कागद नव्हते? साफ चूक

गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या धाकट्या भावाकडून. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिका नवी होती तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टनने एक डॉलरही पगार घेतला नाही. ना फायली, ना सह्यांची रांग. एक पत्र लिहिलं की काम व्हायचं. जनतेपासून काही लपवलं जात नसे. म्हणून तो देश मोठा झाला. मग आपल्याला एवढे नियम कशाला?' मी उभा जन्म सरकारी हिशेब तपासण्यात घालवला. हा मजकूर वाचून गप्प बसवेना.

आधी पगार. १७७५ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाल्यावर वॉशिंग्टनने वेतन नाकारलं आणि फक्त खर्च मागितला, हे खरं आहे. युद्धाच्या आठ वर्षांचा हिशेब त्याने स्वतःच्या हाताने लिहून १७८३ मध्ये सादरही केला. म्हणजे वेतन नसतानाही कागद होताच. पण राष्ट्राध्यक्ष म्हणून? ३० एप्रिल १७८९ च्या पहिल्या भाषणात त्याने पुन्हा तीच विनंती केली, मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वर्षाला २५,००० डॉलर ठरवले आणि ते त्याने घेतले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. हा प्रश्न त्याआधी राज्यघटना लिहितानाच येऊन गेला होता. जून १७८७ मध्ये ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं की राष्ट्रप्रमुखाला पगार नको, फक्त खर्च द्यावा. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं आणि चर्चा न करता बाजूला ठेवलं. घटनेत आलं ते वेगळंच: राष्ट्राध्यक्षाला मोबदला मिळेल आणि त्याच्या मुदतीत तो वाढवताही येणार नाही, घटवताही येणार नाही. आमिष दाखवून किंवा उपाशी ठेवून काँग्रेसने त्याला वाकवू नये, म्हणून. बिनपगारी पदावर फक्त गडगंज माणूसच बसू शकतो, हे 'फुकट सेवे'चं कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

'सह्यांची रांग नव्हती' हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. २ सप्टेंबर १७८९ चा खजिना खात्याचा कायदा पाहा. सरकार जेमतेम चार महिन्यांचं, पहिला खजिना सचिव अलेक्झांडर हॅमिल्टन याची नेमणूकही अजून व्हायची होती. तरी त्या कायद्याने सचिवाखेरीज नियंत्रक, हिशेब तपासनीस, कोषाध्यक्ष आणि नोंदणी अधिकारी अशी पदं निर्माण केली. कोषाध्यक्षाने पैसे द्यायचे तर सचिवाचा आदेश हवा, त्यावर नियंत्रकाची प्रतिस्वाक्षरी हवी, नोंदणी अधिकाऱ्याकडे त्याची नोंद हवी. 'अन्यथा नाही', असं कायद्यातच स्पष्ट म्हटलं आहे. ज्याच्या हातात तिजोरी त्याच्या एकट्याच्या मर्जीने पैसा सुटता कामा नये, एवढा साधा विचार. आज आपण ज्याला लालफीत म्हणून नावं ठेवतो, त्यातला बराच भाग याच विचारातून आला आहे. विलंबाला शिव्या जरूर द्या, पण दुसऱ्या सहीला देऊ नका.

आणि पत्रं? ६ नोव्हेंबर १८०१ रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने आपल्या खातेप्रमुखांना एक परिपत्रक धाडलं. तो स्वतः वॉशिंग्टनच्या हाताखाली परराष्ट्र सचिव होता, म्हणून तेव्हाची पद्धत त्याने त्यात तपशिलाने सांगितली आहे. राष्ट्राध्यक्षाला आलेलं पत्र ज्या खात्याचं असेल तिकडे जाई. खात्याकडे आलेली पत्रं राष्ट्राध्यक्षाच्या नजरेखालून जात. उत्तराचा मसुदा मंजुरीसाठी त्याच्याकडे येई, शंका मोठी असेल तर तो समोरासमोर बसण्यासाठी राखून ठेवी. त्यामुळे देशात कुठे काय चाललंय ते त्याला नेमकं ठाऊक असे आणि जे होई त्याची जबाबदारीही त्याच्यावर येई, असं जेफरसन लिहितो. पुढे वॉशिंग्टननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स राजधानीबाहेर दीर्घकाळ राहू लागला तेव्हा ही घडी विस्कटली आणि खाती आपापली चालू लागली, हीही तक्रार त्यात आहे. म्हणजे 'एक पत्र लिहिलं की काम' नव्हे. एक पत्र अनेक टेबलांवरून फिरून यायचं आणि वॉशिंग्टनची पकड त्या फिरण्यातच होती.

काही लपवलं जात नसे? संसदेचं वरिष्ठ सभागृह, सिनेट, १७९५ पर्यंत बंद दाराआड बसत असे. ब्रिटनशी जॉन जे याने केलेल्या 'जे करारा'ला जून १७९५ मध्ये सिनेटने गुप्तपणे मंजुरी दिली, मजकूर एका सदस्याने फोडला तेव्हा लोकांना कळला. पुढच्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, ६२ विरुद्ध ३७ मतांनी वाटाघाटींचे कागद मागितले आणि वॉशिंग्टनने ठाम नकार दिला. लुइझियाना हा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेण्याआधी, जानेवारी १८०३ मध्ये, जेफरसनने पश्चिमेकडच्या मोहिमेसाठी २,५०० डॉलर मागितले तेही गोपनीय संदेशातून. वॉशिंग्टनच्या त्या नकाराचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण तो नकार लेखी होता, सकारण होता, सही करून दिलेला होता. म्हणूनच प्रतिनिधीगृह त्यावर जाहीर वाद घालू शकलं आणि आपण आज त्याबद्दल बोलू शकतो.

'कागद नव्हते' म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट १८१४ आठवावा. ब्रिटनशी युद्ध चालू होतं आणि इंग्रज फौज राजधानी वॉशिंग्टन शहरावर चालून येत होती. परराष्ट्र खात्यातल्या स्टीफन प्लेझंटन या कारकुनाने जाडंभरडं कापड आणून पिशव्या शिववल्या. युद्धमंत्र्याने त्याला सांगितलं की एवढं घाबरायचं कारण दिसत नाही. त्याने काम थांबवलं नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, घटना, वॉशिंग्टनचा पत्रव्यवहार, सगळं पिशव्यांत भरून गाड्यांवर लादलं आणि ३५ मैलांवरच्या लीसबर्गला नेलं. तिथे एका रिकाम्या घरात ठेवून कुलूप लावलं, किल्ल्या एका पाद्रीबुवांकडे दिल्या आणि दमून लवकर झोपला. सकाळी खाणावळीतल्या माणसांनी त्याला सांगितलं की रात्री वॉशिंग्टनच्या दिशेला मोठी आग दिसत होती.