गुणाकार करण्याआधी
शक्यतेवरच्या या धड्यात, सम आकडा पडलाय हे कळलं की ६ असण्याची शक्यता १/६ वरून १/३ होते, हे फाशाचं उदाहरण मुलांना लगेच पटेल. पण स्वतंत्र घटनांच्या (एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही अशा) शक्यतांच्या गुणाकारापाशी सॅली क्लार्क खटला यायलाच हवा होता. १९९९ साली इंग्लंडमध्ये या आईला आपल्याच दोन बाळांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉय मेडो यांनी, अशा घरात एक बाळ अचानक नैसर्गिकरीत्या दगावण्याच्या ८५४३ मध्ये एक या शक्यतेचा सरळ वर्ग केला आणि ‘७ कोटी ३० लाखांत एक’ असं कोर्टात सांगितलं. एकाच घरातली भावंडं, स्वतंत्र कशी? पहिलं बाळ अचानक दगावलं असताना दुसरं दगावण्याची शक्यता घ्यायला हवी होती. शिवाय हा आकडा म्हणजे ती निर्दोष असण्याची शक्यता नव्हेच! ती काढायच्या अपूर्णांकाच्या छेदात नैसर्गिक मृत्यू आणि खून, दोन्ही शक्यता हव्यात. दुहेरी खूनही दुर्मिळच. २००३ मध्ये ती सुटली, तोवर तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला होता.