यॉर्क, ११९०: एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ११९० मध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलीवरच्या माझ्या लेखाखाली काल एक भलीमोठी कमेंट आली. तिथेच दोन ओळी लिहून विषय संपवणार होतो पण राहवलं नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी "ज्यूंची वकिली" करतो, "चार व्हिडिओ बघून इतिहासकार" झालोय, चर्चने ज्यूंना दिलेलं संरक्षण मी लपवलं, स्पेनबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे "यॉर्कला जे झालं ते आपल्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यासारखंच, पिचलेल्या कर्जदारांचं सावकाराविरुद्धचं बंड, उगाच धर्माचा रंग देऊ नका".

आधी भाषेबद्दल बोलतो. चार व्हिडिओ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नोकरीसाठी मी यॉर्कशायरमध्ये राहिलोय, कत्तल झाली त्या जागी आज उभ्या असलेल्या क्लिफर्ड्स टॉवर या बुरुजाच्या पायऱ्या चढून वर उभा राहिलोय, आणि हा विषय तेव्हापासून वाचतोय. मतभेद असू देत, त्यासाठीच कमेंट उघड्या ठेवल्यात. पण समोरच्याला आधी अडाणी ठरवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही पद्धत मला अजिबात चालणार नाही.

चर्चबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे. ज्यूंना मारू नका, जबरदस्तीने बाप्तिस्मा देऊ नका अशी आज्ञापत्रं पोपनी बाराव्या शतकापासून पुन्हा पुन्हा काढली, आणि लिंकन शहराचा बिशप ह्यू स्वतः जमावासमोर उभा राहिला होता. हे लेखात आलं असतं तर चांगलं झालं असतं. मात्र त्याच चर्चने १२१५ च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेत ज्यूंनी वेगळे कपडे घालावेत असा नियम केला, तेव्हा "संरक्षण" हा शब्द जरा जपून वापरा.

आता ते सावकारीचं. सावकार म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नाही. माझ्या पणजोबांची विहिरीची जमीन गहाणात गेली ती परत आलीच नाही, आजी मरेपर्यंत त्या बांधावरून जाताना तोंड फिरवायची. अशा घरातला माणूस सावकाराची बाजू घेईल असं वाटतं तुम्हाला? इंग्लंडमधले ज्यू सावकार जबर व्याज घ्यायचे हे मी कुठे नाकारलं? पौंडाला (म्हणजे २४० पेनींना) आठवड्याला दोन पेनी हा तिथला नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांच्या आसपास.

पण १८७५ बघा ना. १२ मे ला सुप्याच्या बाजारात लोक उठले, दुकानं लुटली, कर्जरोखे जाळले, आणि त्या सगळ्या दंग्यात राग मुख्यतः कागदावर होता, माणसं मारण्यावर नव्हता. यॉर्कला काय झालं? मार्च ११९० मध्ये दीडशेच्या आसपास ज्यू, त्यात बायका-पोरं, राजाच्या किल्ल्यातल्या लाकडी बुरुजात अडकले, बाहेर वेढा. त्यांचे धर्मगुरू रब्बी योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी एकमेकांना आणि स्वतःला संपवलं. जे उरले त्यांना सांगण्यात आलं की बाप्तिस्मा घ्या, जीव वाचेल, आणि ते बाहेर आल्यावर त्यांनाही कापलं. मग जमाव कॅथीड्रलमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळले. जे बाप्तिस्म्याला तयार होऊन बाहेर आले त्यांना मारून कुठलं कर्ज फिटणार होतं? आणि धर्माचा रंग मी देतोय?

शिवाय "पिचलेले" कोण? पुढारी होता रिचर्ड मॅलेबिस, जमीनदार सरदार, आणि त्याच्यासारखेच इतर कर्जबाजारी सरदार. या कत्तलीसाठी कोणालाही फाशी झाली नाही. राजाचा धडा एवढाच होता की कागद जळायला नको होते, कारण ज्यू राजाच्या मालकीचे मानले जायचे आणि म्हणून त्यांची येणीही शेवटी राजाचीच. लिंकनचा बडा ज्यू सावकार आरॉन ११८६ मध्ये वारला तेव्हा त्याची सगळी संपत्ती राजाने घेतली आणि त्याची येणी वसूल करायला वेगळं खातं उघडलं. म्हणून ११९४ पासून ठरावीक शहरांत कुलूपबंद पेट्या ठेवल्या, प्रत्येक कर्जाची एक प्रत पेटीत, म्हणजे उद्या ज्यू मेला तरी राजाचा हिशोब जिवंत. ज्यूंवर मोठे कर लादायचे, ते भरायला त्यांनी कर्जदाराला पिळायचं, शिव्या त्यांनी खायच्या आणि पैसा तिजोरीत. एडवर्ड पहिल्याची राणी एलिनॉर हिने ज्यूंची लोकांकडे थकलेली कर्जं स्वतःकडे घेऊन त्यावर इस्टेटी जमवल्या, तिच्याविरुद्ध कुठे दंगा झाला?

आणि सावकारीचाच राग असता तर १२७५ मध्येच प्रश्न मिटायला हवा होता, कारण त्या वर्षी एडवर्डने ज्यूंना व्याजाने पैसे द्यायलाच बंदी केली. त्याच कायद्यात सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू मुलाने पिवळा बिल्ला लावायचा असंही होतं. सात वर्षांचं पोर सावकार होतं का? पंधरा वर्षांनी, १८ जुलै १२९० ला, सगळ्यांना देशाबाहेर काढलं, आणि तेव्हाच पार्लमेंटने राजाला भलामोठा कर मंजूर केला. व्याज काही इंग्लंडमधून गेलं नाही, राजाला पैसे पुरवायला इटलीतल्या लुक्काचे रिकार्डी सावकार होतेच, पुढे फ्लॉरेन्सचे बार्डी आणि पेरुत्झी आले, सगळे ख्रिश्चन. ज्यूंना परत यायला मात्र १६५६ उजाडावं लागलं.

बाकी स्पेनचं, माझ्या शुद्धलेखनाचं आणि "हे विषय काढून कोणाचा अजेंडा चालवता" याचं मी उत्तर देणार नाही. लेख यॉर्कवर होता. तुमची कमेंट तशीच ठेवतोय, पुढे लिहायचं असेल तर मॅलेबिस आणि १२७५ च्या कायद्यावर लिहा, माझ्यावर नको.