कान तुटलेला कप

2024 च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावरून वाद पेटला, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसती जुंपली होती. मनाचे श्लोक पाठ करायला लावावेत का, गीतेचा अध्याय हवा का, मनुस्मृतीतला श्लोक त्यात आलाच कसा. मी बर्लिनमध्ये बसून वाचत होते. मनाचे श्लोक मला आजही येतात, आवडतातही. पण दोन्ही बाजूंचं एका बाबतीत एकमत दिसलं: पोरांकडून काहीतरी पाठ करून घ्यायचंच. एकाला श्लोक हवेत, दुसऱ्याला उद्देशिका.

माझी मुलगी इथे आठवीत आहे. बर्लिनमध्ये सातवी ते दहावी सगळ्यांना ‘एथिक’ म्हणजे नीतिशास्त्र हा विषय सक्तीचा. त्याच्यामागे एक खून आहे. फेब्रुवारी 2005 मध्ये हातुन स्युरुचू या 23 वर्षांच्या कुर्दी वंशाच्या मुलीला तिच्या सख्ख्या भावाने रस्त्यात गोळ्या घातल्या. ती स्वतःच्या मनाने जगत होती, एवढंच. एका शाळेतली काही पोरं ‘बरंच झालं’ म्हणाली, तेव्हा शहर हादरलं. पुढच्याच वर्षी विषय सुरू झाला. जर्मनीत बहुतेक राज्यांत धर्माच्या तासाला वर्ग फुटतो, कॅथलिक एका खोलीत, प्रोटेस्टंट दुसऱ्या. बर्लिनमध्ये एथिकला सगळे एकत्र. धर्माचा तास हवा तर जादा घ्या. ‘दोन्हींतलं एक निवडू द्या’ म्हणणाऱ्यांनी 2009 मध्ये सार्वमत घडवून आणलं, आणि ते हरले.

इथे सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. सहिष्णुता शिकवणाऱ्या याच शहरात हिजाब घालणाऱ्या बाईला सरकारी शाळेत शिक्षिका व्हायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि एथिकमधल्या हिंदू धर्माच्या धड्यात? जातींचा पिरॅमिड. माझं डोकंच फिरलं. शिक्षिकेला लांबलचक ईमेल लिहिला: आमच्याकडे एवढंच आहे का, ज्ञानोबा-तुकोबा कुठे गेले? तिचं उत्तर दोन ओळींचं. मुलीला बोलू दे वर्गात, घरी काय बघितलं ते सांगू दे.

त्या रात्री जेवताना मुलीने विचारलं, “आई, आजीकडे खिडकीत तो कान तुटलेला कप असायचा, तो कुणाचा?”

कामाला येणाऱ्या मावशींचा. साताऱ्याच्या आमच्या घरात त्यांचा कप मोरीजवळच्या खिडकीत, आमचे फळीवर. दहा वर्षं मी सकाळी शाळेत ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणायचे आणि दुपारी त्या कपात चहा ओतायचे. वरून, पातेल्याची कड कपाला लागू न देता. कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं. परिपाठात सुविचार झाले, दिनविशेष झाले, बोधकथा झाल्या. या कपाचा विषय कधी निघाला नाही.

“पण का?”

“आजी जरा जुन्या वळणाची आहे गं.”

“हे कारण नाही,” ती म्हणाली. एथिकला मार्क कारणांना असतात म्हणे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने थेट आजीलाच गाठलं. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “तो कप होय? फुटला की केव्हाच. आता आम्ही कागदी कप आणतो.”