अमेरिकेत ‘अर्धी शिक्षा भोगली की घरी’ असं काही नसतं

गेले काही महिने मराठी ग्रुपांमध्ये एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगातली शिक्षा नावापुरतीच असते. अर्धी भोगून झाली की न्यायाधीश कैद्याला आधी हाफवे हाउसमध्ये, म्हणजे सुटकेआधी कैद्यांना देखरेखीखाली ठेवायच्या वसतिगृहात, आणि मग घरी पाठवतो. तिथे तो सरकारी खर्चाने टीव्ही बघत उरलेले दिवस काढतो. पैसेवाल्यांची ही सोय आहे, आपल्याकडच्या पॅरोलसारखीच, आणि तिकडचे आपले लोकही असेच सुटतात.

न्यू जर्सीतल्या माझ्या जवळच्या एका मराठी कुटुंबातला मुलगा, जन्माने अमेरिकन नागरिक, याच वाटेने परत आला. त्याचे अर्ज, पत्ते, नोकरीची पत्रं जमवताना मी त्या घरासोबत होतो. त्याच्या आईला हाच मजकूर नातेवाइकांकडून आला, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं.

आधी ‘न्यायाधीश पाठवतो’ हे विधान घेऊ. शिक्षा सुनावताना न्यायाधीश फार तर शिफारस करू शकतो. कैद्याने शिक्षेचा कोणता भाग कुठे काढायचा हे ब्युरो ऑफ प्रिझन्स, म्हणजे तुरुंग खातं ठरवतं आणि शिफारस त्या खात्यावर बंधनकारक नसते. सगळं सुरू होतं तुरुंगातल्या केस मॅनेजरपासून. तो प्रस्ताव तयार करतो, प्रस्ताव त्या भागातल्या हाफवे हाउसांचं काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे जातो आणि तिथे जागा असेल तर तारीख मिळते. जागा नसली तर पात्र माणूसही तुरुंगातच थांबतो. 2025 च्या मार्चअखेरीस खात्याने 2008 च्या सेकंड चान्स ॲक्टखालचा हाफवे हाउसचा काळ 60 दिवसांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला. त्या मधल्या दिवसांत घरी बसलेल्या आयाबायकांनी आखलेली सगळी गणितं कोलमडली. वशिल्याने चालणारी सोय असती तर असं झालं नसतं.

‘अर्धी शिक्षा’ हा मुद्दा आकड्यांनीच तपासावा लागतो. 1 नोव्हेंबर 1987 पासून घडलेल्या गुन्ह्यांना फेडरल व्यवस्थेत पॅरोलच नाही. 1984 च्या कायद्याने तो बंद केला. चांगल्या वर्तनाची सूट मिळते ती शिक्षेच्या दर वर्षामागे जास्तीत जास्त 54 दिवस. पाच वर्षांची शिक्षा असेल तर 270 दिवस, म्हणजे नऊ महिने. उरले 51 महिने, सुमारे 85 टक्के. बहुतेक जणांनी मनाशी धरायचा हिशोब हाच.

डिसेंबर 2018 मध्ये सही झालेल्या फर्स्ट स्टेप ॲक्टने यात भर घातली. ठरवून दिलेले वर्ग आणि कामं केली तर दर 30 दिवसांमागे 10 दिवसांचं श्रेय मिळतं. पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी आहे असं मूल्यमापनात सलग दिसलं तर 15 दिवसांचं. या श्रेयातून जास्तीत जास्त 12 महिने सुटकाच अलीकडे येते. उरलेलं श्रेय हाफवे हाउस किंवा घरातल्या कैदेसाठी वापरता येतं. त्याशिवाय 2008 च्या सेकंड चान्स ॲक्टप्रमाणे शेवटचे जास्तीत जास्त 12 महिने तुरुंगाबाहेरच्या ताब्यात काढता येतात, आणि त्यातला घरचा भाग शिक्षेच्या 10 टक्के किंवा सहा महिने, यांतला जो कमी असेल तेवढाच. सगळं जुळलं, एकही शिस्तभंग झाला नाही आणि जागाही मिळाली, तर भिंतींआडचा काळ निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. हे मी नाकारत नाही. पण ही सगळ्यात अनुकूल परिस्थिती झाली, नियम नव्हे. गुन्ह्यांची एक लांबलचक यादी अशी आहे की त्यातल्या कलमाखाली शिक्षा झालेल्याला हे श्रेय मिळतच नाही. ज्याचा धोका मध्यम किंवा जास्त ठरवला जातो, त्याला मिळवलेलं श्रेयही सहज वापरता येत नाही.

‘पैसेवाल्यांची सोय’ या मुद्द्यासाठी दोन नावं हमखास पुढे येतात. पहिलं कोलकात्यात जन्मलेल्या, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या आणि शेअर बाजारातल्या गोपनीय माहितीच्या गैरव्यवहारात दोषी ठरलेल्या रजत गुप्तांचं. त्यांना 24 महिन्यांची शिक्षा झाली. जून 2014 मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सच्या तुरुंगात गेले, जानेवारी 2016 मध्ये घरच्या कैदेत आले आणि मार्च 2016 मध्ये शिक्षा संपली. 24 महिन्यांचे 10 टक्के काढून पाहा, अडीच महिन्यांच्या आतच उत्तर येतं. त्यांना कायद्याने दिलं तेवढंच मिळालं आणि 18 महिन्यांहून जास्त काळ ते आत होते. दुसरं त्याच प्रकारच्या गैरव्यवहारात दोषी ठरलेले गुंतवणूक फंडाचे मालक राज राजरत्नम यांचं. त्यांना 2011 मध्ये 11 वर्षांची शिक्षा झाली आणि 2019 च्या उन्हाळ्यात ते घरी आले. त्या वेळी साठी ओलांडलेल्या, हिंसक गुन्हा नसलेल्या आणि दोन तृतीयांश शिक्षा काढलेल्या कैद्यांसाठी एक योजना होती. 11 वर्षांचे दोन तृतीयांश म्हणजे सात वर्षं चार महिने. ते त्याहून जास्त काळ आत होते.

तरीही पैशाचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. घरातली कैद मिळण्यासाठी घर लागतं. अधिकारी पत्त्यावर येऊन पाहणी करतात, घरात कोण राहतं हे विचारतात, शस्त्र नाही ना हे बघतात. ज्याची बायको सोडून गेली किंवा ज्याच्या आईवडिलांना भाड्याच्या खोलीतून बाहेर पडावं लागलं, त्याला पात्रता असूनही हाफवे हाउसमध्येच राहावं लागतं. अन्याय आहे तो इथे. मजकूर लिहिणाऱ्याला गरीब कैद्याची खरीच काळजी असती, तर त्याने हे लिहिलं असतं.

आता ‘सरकारी खर्चाने टीव्ही’. या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्या घराने काय सोसलं ते मी पाहिलं आहे.

हाफवे हाउस चालवतात कंत्राटदार, खात्याच्या देखरेखीखाली. आल्यापासून साधारण 15 दिवसांत आठवड्याला 40 तासांचं काम मिळवणं अपेक्षित असतं. गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसाला पंधरा दिवसांत काम कोण देतं हे नोकरी शोधलेल्या कोणालाही कळेल. काम लागलं की हातात पडणाऱ्या नव्हे, तर कापण्याआधीच्या एकूण पगारातले 25 टक्के राहण्याखाण्याचे म्हणून द्यावे लागतात. बाहेर पडताना नोंद, परत आल्यावर नोंद, कामाच्या ठिकाणी फोन, अधूनमधून लघवीची आणि दारूची तपासणी. परवानगीशिवाय निघून गेलं तर तो पळून जाण्याचा फेडरल गुन्हा ठरतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची नवी शिक्षा होऊ शकते.

घरी आल्यावरही ताबा तुरुंग खात्याचाच. घोट्याला पट्टा असतो किंवा ठरलेल्या फोनवर वेळीअवेळी फोन येतात. दवाखाना, नोकरी, देवळात जाणं, सगळ्याला आधी मंजुरी हवी. त्या मुलाच्या आईने रात्रीचा फोन उशाशी ठेवायला सुरुवात केली, कारण तो बाथरूममध्ये असताना रिंग वाजून गेली तर काय, ही धास्ती होती. गणपतीला आरतीसाठी मंडळाच्या हॉलमध्ये जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून मूर्ती घरी आणली आणि शेजारी घरी आले. पहारेकऱ्याचं काम नकळत त्या घरावर येऊन पडतं आणि त्याचा पगार कोणी देत नाही.

हा ताबा किती खरा असतो याचं जाहीर उदाहरण डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी वकील मायकल कोहेन यांचं. 2020 च्या मे महिन्यात कोव्हिडमुळे त्यांना घरी पाठवलं. जुलैमध्ये पुस्तक आणि प्रसारमाध्यमांवर बंदी घालणाऱ्या अटींवर सही करण्यावरून वाद झाला आणि त्यांना पुन्हा आत नेलं. ही सूडबुद्धीची कारवाई आहे असं न्यायाधीश ॲल्विन हेलरस्टाइन यांनी म्हटलं, तेव्हा ते परत घरी आले. ते प्रसिद्ध होते, वकील उभे राहिले. 2021 मध्ये मेरीलँडमधल्या, घरच्या कैदेत असलेल्या, सत्तरी पार केलेल्या एका बाईंनी संगणकाच्या वर्गात असताना अधिकाऱ्यांचा फोन उचलला नाही, म्हणून त्यांना उचलून तुरुंगात टाकलं. काही आठवड्यांनी न्यायालयाने सोडलं.

आणि यातून समाजाचं नुकसान होतं का? कोव्हिडच्या काळातल्या कायद्याखाली 13,000 हून जास्त कैदी घरी पाठवले गेले. नव्या गुन्ह्यासाठी त्यांतले 1 टक्क्याहूनही कमी परत आत गेले.

पॅरोलशी तुलना फार वेळ घेण्यासारखी नाही. महाराष्ट्रात संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळते ती ठरावीक दिवसांची, आणि रजा संपली की कैदी तुरुंगाच्या दाराशी परत हजर होतो. अमेरिकेत माणूस परत जाण्यासाठी बाहेर येत नाही, सुटकेच्या दिशेने टप्प्याटप्प्याने सरकतो आणि सुटकेनंतरही बहुतेकांना काही वर्षं प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली राहावं लागतं.

उरला ‘आपले लोकही असेच सुटतात’ हा मुद्दा, आणि मराठी घरांसाठी तो सगळ्यात घातक आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेला किंवा ग्रीन कार्डधारक माणूस गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. तसा अंतिम आदेश निघाला असेल तर फर्स्ट स्टेप ॲक्टचं श्रेय त्याला वापरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. वर्ग केले, कामं केली, दिवस साठवले, तरी ते कागदावरच राहतात. शिक्षा संपली की त्याला इमिग्रेशन खातं ताब्यात घेतं आणि तिथून थेट विमान. हाफवे हाउसची अपेक्षा धरून बसलेल्या घरांना हे शेवटच्या महिन्यात कळतं, आणि अशा मजकुरामुळेच ते आधी कुणी विचारत नाही.

ज्यांचं कुणी आत आहे त्यांनी हे करावं: माणूस नागरिक नसेल तर गुन्हा कबूल करण्याआधीच इमिग्रेशनच्या वकिलाला प्रकरण दाखवावं, नंतर नव्हे. नागरिक असेल तर सुटकेच्या तारखेआधी दीड वर्ष तरी केस मॅनेजरकडे विषय काढायला सांगावा. पत्ता कोणाचा द्यायचा ते ठरवावं, भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी, आणि काम देणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याचं पत्र आधीच तयार ठेवावं.