आवंढा

"टॉन्सिल काढून टाकू. लेझरने करू," डॉक्टर म्हणाले, आणि मी चक्क हसलो. नुसतं पहिलं वाक्य ऐकलं असतं तर टेबलाखाली पायाने चपला शोधायला लागलो असतो. पण लेझर हा शब्दच लबाड आहे. सुरी म्हटलं की रक्त दिसतं, कात्री म्हटलं की टाके दिसतात, लेझर म्हटलं की नुसता उजेड दिसतो. उजेडाने कुणाचं काय दुखणार?

वर्षभरात सात वेळा टॉन्सिल सुजले होते. दर वेळी ताप, अँटिबायोटिक आणि आरशासमोर टॉर्च लावून 'आ' करणं. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा असा त्रास झाला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात म्हणे. म्हणजे मी बरोबर काठावर पास.

"दुखेल का?"

"दहा ते चौदा दिवस. मोठ्या माणसांना जरा जास्तच."

यातलं 'जरा' मी घरी घेऊन गेलो, 'जास्तच' तिथेच टेबलावर राहिलं.

आदल्या रात्री वाचत बसलो. सुमारे 2000 वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने टॉन्सिल बोटाने सोडवून काढायची पद्धत लिहून ठेवली आहे. बोटाने! आणि आजच्यासारखी भूल तेव्हा कुठली? त्यापेक्षा 1964 साली कुमार पटेलांनी शोधलेला कार्बन डायऑक्साइड लेझर बरा, असं म्हणून स्वतःची समजूत घातली आणि तिथेच थांबायचं सोडून आणखी एक पान वाचलं. लेझरमुळे श्वासनळीत घातलेली नळी पेट घेऊ शकते; म्हणून लेझरला दाद न देणारी खास नळी वापरतात, ऑक्सिजन बेताने सोडतात, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवतात. मी फोन उलटा ठेवला आणि आवंढा गिळला. पुढचे कित्येक दिवस असा सुखाचा आवंढा मिळणार नाही हे माहीत असतं, तर जरा चवीने गिळला असता.

शस्त्रक्रियेबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी तिथे नव्हतो. दहापासून उलटे आकडे म्हणायला लावले, आठपर्यंत गेल्याचं आठवतं. मग कोणीतरी "उठा, झालं" म्हणत गालावर टिचक्या मारत होतं. शेजारच्या खाटेवर सात वर्षांचा मुलगा, त्याचंही हेच ऑपरेशन. संध्याकाळी तो आइस्क्रीमचा दुसरा कप मागत होता. मी पहिल्या चमच्याकडे बघत होतो.

"काका, तुम्ही रडताय?"

मी मानेनेच नाही म्हणालो. मान हलवली की घसाही हलतो, हा त्या दिवसाचा शोध.

खरा खेळ तिसऱ्या दिवशी सुरू झाला. आपण राग गिळतो, अपमान गिळतो, शब्द गिळतो, पण सगळ्यात जास्त गिळतो ती स्वतःची थुंकी, याची मला कल्पनाच नव्हती. दिवसाला सुमारे लिटरभर लाळ तयार होते. ती जाणार कुठे? मी प्रत्येक आवंढा पुढे ढकलायला लागलो. तोंड भरत आलं की डोळे मिटायचे, उशीचा कोपरा मुठीत धरायचा आणि... गेला. हुश्श म्हणेपर्यंत पुढचा तयार. बरं, न गिळून, पाणी न पिऊन सुटका नाही. घसा कोरडा पडला की दुखणं आणखी वाढतं. म्हणजे दुखू नये म्हणून प्यायचं आणि प्यायलं की दुखणार. हा नियम ज्याने केला त्याला एकदा भेटायचं आहे.

त्यात कान ठणकायला लागला. मला वाटलं, चुकून तिथेही उजेड पाडला की काय! डॉक्टर म्हणाले, घशाची आणि कानाची एक नस सामाईक आहे, मेंदूतून निघणारी नववी. दुखतो घसा, बोंब मारतो कान. आमच्या घरातही असा एक माणूस आहे, नाव घेत नाही.

बोलणं बंद असल्यामुळे वही-पेन आलं. मी लिहायचो, बायको वाचायची आणि खाली लिहूनच उत्तर द्यायची. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मला ऐकू येतं.' तिने खाली लिहिलं : 'माहीत आहे. पण अशी शांतता पुन्हा कधी मिळणार?' बोलताना ती हल्ली दोन हात लांब उभी राहायची, त्याचं कारण मात्र शांतता नव्हतं. टॉन्सिलच्या जागी जी पांढरट खपली धरते, तिचा वास सुटतो. इतक्या दिवसांत मला भेटायला आलेला प्रत्येक जण घाईत होता.

सातव्या-आठव्या दिवशी ती खपली सुटायला लागली. रक्त आलं तर वेळ न घालवता दवाखान्यात या, असं बजावलं होतं; त्यामुळे मी प्रत्येक थुंकी सोनाराच्या नजरेने पारखत होतो. रक्त आलं नाही. जांभई मात्र आली. टॉन्सिल गेलेल्या माणसाने जांभई देऊ नये. सुरू झाली की मधे थांबवता येत नाही आणि पूर्णही करवत नाही.

पंधराव्या दिवशी कामावर गेलो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "लेझरने ना? मग काय, कळलंही नसेल."

वहीत न मावणारं उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं.

अजिबात दुखलं नाही.