साडेपाचशे रुपयांची उसळ

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मुलानं पुण्याहून आम्हाला इंदूरला ऑर्किड पाठवलं. फॅलेनॉप्सिस. पांढऱ्यावर जांभळी झाक, एका काडीवर सात फुलं. ती अडीच महिने टिकली. आमच्याकडे जास्वंद संध्याकाळी मिटते ती मिटतेच, त्यामुळे असल्या चिवटपणाची सवय नाही. पहिल्या महिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केलं, दुसऱ्यात "प्लास्टिकचं आहे का हो?" विचारलं, आणि तिसऱ्यात फुलं गळली तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. मागे राहिली चार जाड पानं आणि एक वाळकी काडी.

"द्या आता कचरागाडीत," बायको म्हणाली.

"बांडगूळच ते," आईनं निकाल दिला.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, आई, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं फांदीवर बसतं. याचे भाऊबंद फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या जंगलात असेच झाडांवर राहतात, मुळं उघड्यावर सोडून. पावसाचं पाणी मिळालं की प्यायचं, नाही तर वारा खायचा.

"म्हणजे बिनभाड्याचा भाडेकरू," आई म्हणाली. रामबागेतल्या या जुन्या घरात साठ वर्षं काढलेल्या बाईशी भाडेकरूंवर वाद घालू नये.

कुंडी उलटी केली तर आत ओल्या शेवाळाचा लगदा आणि त्यात कुजलेली मुळं. चिमटीत धरून ओढलं की वरचं मऊ आवरण मोज्यासारखं निघून यायचं आणि हातात जानव्याच्या दोऱ्याएवढी शीर राहायची. पाणी जास्त, हवा कमी. मग दोन रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि एक नवा शब्द शिकलो: सेमी-हायड्रोपोनिक्स. माती नाही, शेवाळ नाही. भट्टीत फुगवून भाजलेल्या मातीच्या गोळ्या, तळाशी इंचभर पाणी, बस्स. गोळ्या पाणी वर ओढून घेतात, मधल्या फटींतून हवा खेळते, आणि माणसानं फार लक्ष द्यायचं नाही. या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला.

नर्सरीवाल्याला गोळ्या मागितल्या तर त्याला खेळायच्या गोट्या वाटल्या. म्हणाला, "बाऊजी, कंचे तो सियागंज में मिलेंगे." शेवटी ऑनलाइन मागवल्या. दोन किलो, साडेपाचशे रुपये. दिसायला गोवऱ्यांच्या आचेवर विसरलेल्या बाटीची पिल्लं. पहिल्या पाण्याला जो लाल गाळ निघाला तो बघून बायकोनं मोरी बंद केली. मी अंगणात जाऊन सात पाणी धुतल्या आणि चोवीस तास मुरायला म्हणून मिळालं त्या पातेल्यात भिजत घातल्या. पातेलं पुरणाचं होतं, हे मला नंतर सविस्तर सांगण्यात आलं.

सकाळी उठून बघतो तर पातेलं रिकामं. गोळ्या ओल्या फडक्यात गच्च बांधून, वर परात, परातीवर वरवंटा.

"आई, हे काय?"

"अरे, चणे तसेच पाण्यात ठेवलेस, आंबले असते. मोड आणायला बांधलेत. उद्या उसळ करू."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही त्याच महिन्यात उरकलं.

कुंडी म्हणून श्रीखंडाचा पारदर्शक डबा घेतला. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं तळापासून इंचभर उंचीवर दोन भोकं पाडली, म्हणजे त्याच्या वरचं पाणी आपोआप बाहेर. गोळ्यांतून पाणी वर कसं चढतं ते समजावायला मी बायकोला दिव्याच्या वातीचं उदाहरण देत होतो. तिनं नुसतं खिडकीजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीला दर पावसाळ्यात जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढते. तत्त्व तेच. थोडक्यात, आमचं घर साठ वर्षं सेमी-हायड्रोपोनिक्सवर उभं आहे आणि आम्ही दर दिवाळीला त्यावर पुट्टी मारतो आहोत.

रोप लावलं, आणि उरली होती ती मुळंही एकेक करून पिवळी पडली. हे होणारच होतं म्हणे. हवेत वाढलेली मुळं पायाशी सतत पाणी असलं की बिथरतात. नवी फुटतात तीच तिथं रुळतात. हे मला आमच्या चिरंजीवांवरून पटलं. पुण्याला गेल्यावर पहिले सहा महिने तो पोह्यांवर शेव नाही, वर भुरभुरायला जिरावन मसाला नाही म्हणून सुकला होता. आता तिथले पोहे खातो आणि वर आम्हाला सांगतो की जलेबीबरोबर पोहे हे काही बरोबर नाही.

मग पाण्याचा प्रश्न. आमच्याकडे नळाला नर्मदा येते, एक दिवसाआड. 1978 साली ती इंदूरला पोचली, थेट नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर डोंगर चढून. ती हकीकत आई अजून पाहुण्यांना ऐकवते. मधल्या दिवशी बोअरिंग. बोअरिंगच्या पाण्यानं पंधरा दिवसांत गोळ्यांवर पांढरा थर धरला, पापडखारासारखा. क्षार साठले की मुळं करपतात. म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र आणलं. थर्मामीटरएवढंच असतं, पण हातात आलं की माणूस बिघडतो. मी बोअरिंग मोजलं (840), नर्मदा मोजली, शेजारच्या काकांची टाकी मोजली, आणि चहाही मोजला. वरणात घालायला निघालो तेव्हा बायकोनं यंत्र काढून घेतलं. शेवटी ऑर्किडला आरओचं पाणी ठरलं, त्यात खत पाकिटावर लिहिल्याच्या पाव हिश्शानं.

"नर्मदामाईचं पाणी चालत नाही याला?" आईनं विचारलं. उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आईनं महादेव आटोपून तांब्यात उरलेलं पाणी ऑर्किडच्या डोक्यावर धरलं. बारीक धार, वर "ॐ नमः शिवाय". डब्यात पाणी जास्त झालं तर भोकं आहेत. पण पानांच्या मध्यावर, जिथून नवं पान निघतं त्या खोबणीत पाणी रात्रभर राहिलं की गाभाच कुजतो. टॉर्च तोंडात धरून मी ते टिपत होतो. कापूस कुठला म्हणाल, तर आईच्याच वातींचा. "माझ्या वाती मोजून ठेवलेल्या असतात," पलंगावरून आवाज आला.

पावसाळा निभावला. डिसेंबरात नवी आफत. ओल्या गोळ्यांतून पाणी उडत राहतं आणि त्या खोलीपेक्षाही गार पडतात. आपला माठच तो. मेमध्ये इंदुरात बेचाळीस अंश असताना हे वरदान. थंडीत रात्री पारा दहाखाली गेल्यावर रोपाचे पाय बर्फात. मग माझ्या जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून तो डब्याला चढवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायका तिळगूळ सोडून मोज्याबद्दलच विचारत होत्या. "ह्यांचा आहे," बायको म्हणाली. तो मोज्याचा खुलासा होता की सगळ्या प्रकाराचा, कळलं नाही.

फेब्रुवारीत खालच्या पानाच्या बगलेत हिरवा कोंब दिसला, मुगाएवढा. मूळ की फुलाची काडी? टोक गुळगुळीत गोल असेल तर मूळ, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं चपटं आणि किंचित दुमडलेलं असेल तर काडी. भिंग काढलं. मी काडीवर छप्पन दुकानची कचोरी लावली, बायकोनं मुळावर. आई म्हणाली, "अखेर मोड आला."

मूळ निघालं. कचोरी मी खिलवली. पण ते मूळ खाली गोळ्यांत शिरेना. धुतलेल्या गोळ्या, गाळलेलं पाणी, पाव हिस्सा खत, सगळं खाली मांडून ठेवलेलं, आणि हे डब्याच्या काठावरून बाहेर पडलं, खिडकीची फळी ओलांडून सरळ भिंतीला टेकलं आणि त्या ओलीला चिकटून बसलं. पाऊस संपेपर्यंत वीतभर लांब झालं, त्याला दोन फाटे फुटले. ओल असेल तिथं हिरवंगार, कोरडं तिथं चंदेरी.

दिवाळीआधी रंगारी आला. पत्रा घेऊन भिंत खरवडायला बसणार, तोच आई काठी टेकत आली.

"भैया, इतना छोड़ के करना."

"अम्माजी, सीलन है, फैल जाएगी."

"फैलने दो. किराएदार है."